आनेकलचं जातं आणि माझी सव्वाशे सीसी

माझ्या मोटरसायकलमध्ये सुधारणा करा, असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याला आमच्या घरात अजूनही ‘संध्याच्या गाडीची भानगड’ असंच म्हणतात.

गाडी माझी आहे. नोंदणीच्या कार्डावर माझं नाव आहे, आणि बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या ज्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते तिथल्या पार्किंगमध्ये ती शिक्षिकांच्या रांगेतली एकमेव गिअरची गाडी आहे. काळी, सव्वाशे सीसी, पाच गिअर. बाईमाणसाला स्कूटर काय वाईट, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. स्कूटर वाईट नाही. पण मला गिअर टाकायला आवडतात. आणि ही गाडी आल्यापासून मला कॉलेजला सोडायला कुणी लागत नाही. यजमान मला सोडायचे तेव्हा निघण्याची वेळ ते ठरवायचे, रस्ता ते ठरवायचे, आणि वाटेत पेट्रोलपंपावर भेटलेल्या मित्राशी किती बोलायचं हेही तेच ठरवायचे. आता मी किल्ली फिरवते आणि जाते. माझ्या आयुष्यात स्वातंत्र्य म्हणून जे काही आहे ते एवढंच, आणि ते पाच गिअरमध्ये चालतं.

विराज आमच्या घरात आला तो काव्याच्या साखरपुड्याला. काव्या माझी मुलगी. विराज मूळचा पुण्याचा, राहतो एचएसआर लेआउटमध्ये, आणि तिथे त्याची एक स्टार्टअप कंपनी आहे. कंपनीत तो, त्याचा एक मित्र आणि एक कॉफी मशीन आहे. मोटरसायकलच्या इंजिनात बसवायचे मोठे सिलिंडर आणि पिस्टन ही कंपनी विकते, म्हणजे विकणार आहे. पेढा तोंडात टाकून तो खाली गेला, माझ्या गाडीवर बसला, मूठ पिळली आणि वर येऊन म्हणाला, “काकू, सॉरी, आई, तुमची बाईक टोटली अंडरपॉवर्ड आहे. मी तुम्हाला माझं किट बसवून देतो. लग्नाआधीचं गिफ्ट!”

“पण गिअरबॉक्स जुन्या टॉर्कच्या हिशेबानं बनवलेला असतो,” मी म्हटलं.

“टॉर्क वाढला की गिअरवरचा लोड कमीच होतो ना, आई. इंजिनच सगळं ओढतं.”

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. बरणीचं घट्ट झाकण फिरवताना मनगट जो लावतं, तो. इंजिनाचा हा जोर गिअरच्या दातांवाटेच चाकाकडे जातो, त्याला दुसरी वाट नाही. जोर वाढवला की दातांवरचा भार वाढतो. विराजचं वाक्य एखाद्या विद्यार्थिनीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी तिला शून्य देऊन घरी फोन केला असता. पण साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात जावयाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणायचं नाही, हा आमच्या गोतातला नियम आहे. भौतिकशास्त्रातल्या नियमांना निदान अटी तरी असतात. याला तीही सोय नाही.

मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याला आमच्या घरात संमती समजतात.

किट बसलं. आरसे काढले गेले, कारण विराजच्या मते त्यांनी ‘लुक’ जातो. शिवाय क्लच घसरायला लागला म्हणून त्यानं क्लचच्या स्प्रिंगाही कडक केल्या. हे मला कळलं तेव्हा मी खरी घाबरले. क्लच घसरतो हे दुखणं नाही, ते पथ्य आहे. जास्त जोर आला की क्लच घसरून तो थोडा सोडून देतो, घरातल्या फ्यूजसारखा. विराजनं फ्यूजच्या जागी खिळा ठोकला होता.

खालच्या मजल्यावरचे गुंडोअण्णा गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाले, “घाबरू नको संध्याक्का. टॉर्कचं मला विचार. आमच्या फॅक्टरीत टॉर्कचा पाना माझ्या टेबलामागच्या कपाटातच असायचा.” गुंडोअण्णा फॅक्टरीत हजेरी मांडत. पण बत्तीस वर्षं पाठीमागे टॉर्कचा पाना असला की माणसात काहीतरी उतरत असणार. “इंजिनला ताकद आली, आता कितीपण वजन टाक. पहिलं वजनाला इंजिन भ्यायचं. आता वजन इंजिनला भिणार.”

खरं तर उलटं होतं, आणि गंमत म्हणजे ते फार सोपं आहे. पूर्वी फार वजन घातलं असतं तर माझं बिचारं इंजिन चढावर बंद पडलं असतं आणि गिअर वाचले असते. नुसतंच इंजिन तगडं करून एकटी बसले असते तर हलकी गाडी चटकन पळाली असती, तेव्हाही गिअर बहुधा वाचले असते. पण मागून रेटणारा जोरदार आणि पुढे न हलणारं वजन, दोन्ही एकदम आली की मधल्याचे दात पडतात. कोणत्याही एकत्र कुटुंबातल्या सुनेला हे सूत्र न शिकवता कळतं.

वजन अजून आलं नव्हतं. ते माझ्या सासूबाईंनी आणलं.

तुंगाबाईंना आम्ही सगळे अत्याबाई म्हणतो. त्यांच्या माहेरी, आनेकलला, एक जातं आहे. त्यांच्या गोतातल्या प्रत्येक मुलीची हळद त्याच जात्यावर दळली गेली आहे, असं सांगतात. लग्नाची पहिली अक्षत त्या जात्याला. मग ते जातं पाहुणं म्हणून लग्नघरी यायचं.

“पहिला पाव्हणा तो,” अत्याबाई म्हणाल्या. “भाड्याच्या गाडीत बसवायचा नाही. आपल्या घरच्या गाडीतनं आणायचा. वाटेत जमिनीला लावायचा नाही. सरी? ठीक आहे ना?”

“अत्याबाई, आपल्याकडे कार नाही,” मी म्हटलं.

“विराजकडं आहे की,” मोहनकुमार म्हणाले. मोहनकुमार म्हणजे माझे यजमान.

“खुळा की काय तू? लग्नाच्या आधी जातं नवऱ्याच्या गाडीत? मग पोरीलापण आजच पाठवून दे!”

सगळ्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली माझी गाडी उभी होती.

मी वही काढली नाही, आकडे मनातच केले. जात्याचा एकेक दगड भरलेल्या गॅस सिलिंडरएवढा. मोहनकुमार. मी. नवा टॉर्क. कडक क्लच. मी म्हटलं, “दुसऱ्या गिअरचे दात जातील.” मी त्यांच्या दातांबद्दल बोलते आहे असं काही अत्याबाईंना वाटलं नाही, त्यांना नीट कळलं. त्या म्हणाल्या, “शुभकार्याच्या वेळी असं अभद्र बोलू नये गं.” विराज मात्र खूष झाला. “आई, ही तर परफेक्ट लोड टेस्ट आहे! मी मागून माझ्या बाईकवर येतो आणि सगळं शूट करतो. ‘आजीचं जातं व्हर्सेस आमचं किट.’ व्हायरल जाईल.”

रविवारी सकाळी आम्ही आनेकलला पोहोचलो. अत्याबाईंचे भाऊ सयाजीमामा यांनी जात्याला हळदकुंकू लावून तयार ठेवलं होतं. दगड दोन पोत्यांत घालून गाडीच्या दोन बाजूंना लोंबकळवले, गाढवावर कपड्यांची गाठोडी टाकतात तसे. खुंटा लाल खणात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला, कारण खुंटा म्हणजे जात्याचं डोकं. एवढं झाल्यावर मामांना वाटलं की भाच्याच्या लग्नघरी मोकळ्या हातानं कसं पाठवायचं. म्हणून टाकीवर नारळांची जाळी आली आणि माझ्या व मोहनकुमारांच्या मधे एक फणस आला.

“मामा, वजन,” मी म्हटलं.

“वजन काय, झाडावर असल्यापास्नं लटकतोय तो. त्याला सवय आहे.”

वजन असलं की गाडी पुरुषानं चालवायची असते, हा नियम मोहनकुमारांनी तिथल्या तिथे काढला. माझ्या गाडीवर मी मागे बसले. फणसाचे काटे पोटाला, खुंटा मांडीवर, आणि दोन्ही बाजूंना दगड असल्यामुळे पाय पंखांसारखे पसरलेले. होसूर रोडला सिग्नलवर आमच्या कॉलेजच्या मुलींची एक बस शेजारी येऊन थांबली. सहलीला निघाल्या असाव्यात. खिडक्या एकदम उघडल्या. “गुड मॉर्निंग, मिस!” मी खुंट्यासकट मान हलवली. मागच्याच आठवड्यात याच मुलींना मी शिकवलं होतं की वाहनावरचा भार हा जबाबदारीचा विषय आहे. एकीनं फोटो काढला. तिला प्रात्यक्षिकात किती गुण द्यायचे, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही.

मोहनकुमार फार खुशीत होते. “बघितलंस? चौथ्या गिअरमध्येपण ओढतेय! विराजचं मानलं पाहिजे.”

“चढावर खालच्या गिअरमध्ये घ्या. हळूच. क्लच एकदम सोडू नका.”

“गाडी मी चालवतोय ना?”

डेअरी सर्कलच्या फ्लायओव्हरच्या चढावर पुढची बस थांबली, आम्ही थांबलो. बस हलली. मागून विराज ओरडला, “बाबा, फुल थ्रॉटल! शॉट मस्त येतोय!” मोहनकुमारांनी पहिला न टाकता दुसऱ्या गिअरमध्येच मूठ पूर्ण पिळली आणि क्लच सोडून दिला.

आधी खटका बसला. मग सुपारी अडकित्त्यात फुटावी तसे आवाज झाले, लागोपाठ, आणि इंजिन एकदम मोकळं होऊन बोंबलायला लागलं. गाडी मात्र उभी. मोहनकुमारांनी आणखी मूठ पिळली. इंजिन आणखी बोंबललं. दोघांचा संबंध तुटला होता.

“तू मागे हललीस,” मोहनकुमार म्हणाले.

लोक जमले. बेंगळुरूमध्ये रस्त्यावर गाडी बंद पडली की मदत मिळते, हे खोटं नाही. फक्त ती तोंडी असते. एकानं पेट्रोल बघायला सांगितलं, एकानं चेन. एका गृहस्थांनी मोहनकुमारांना विचारलं, “मॅडम रोज चालवतात का?” हो म्हटल्यावर ते समजुतीनं हसले. “मग क्लच गेला असणार, सर. लेडीज लोक अर्धा क्लच धरून चालवतात.” विराजनं हे सगळं नीट शूट केलं.

मग वाहतूक पोलीस आले. “एनम्मा इदु?” हे काय, असं त्यांनी पोत्यावर काठी टेकवून मला विचारलं.

“बीसो कल्लु,” मी म्हटलं. दळायचा दगड. खणात गुंडाळलेला खुंटाही दाखवला.

“मदुवे? लग्न?” ते एकदम मऊ झाले. “मुलीचं? मंटप कुठला? जेवण कुणाला दिलंय?” त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. आचाऱ्यांवर विसंबू नका, सांबाराकडे स्वतः लक्ष ठेवा, असं त्यांनी मला कळकळीनं सांगितलं. मग कर्तव्याची आठवण होऊन दंडाचं मशीन काढलं आणि जात्यासाठी कलम शोधू लागले. जादा प्रवासी? जातं प्रवासी नव्हतं. अत्याबाईंच्या मते होतं, पण ते मी सांगितलं नाही. लांब सामान? जातं गोल होतं. त्यांनी बराच वेळ बोट वरखाली फिरवलं, स्वल्प थांबा म्हणाले, वरिष्ठांना फोन केला, आणि शेवटी त्यांची नजर हॅण्डलवर गेली. दंड झाला तो आरसे नसल्याबद्दल. गाडीची मालकीण म्हणून माझ्या नावावर.

आता प्रश्न होता जात्याचा. विराजनं टेम्पो बोलावू म्हटल्यावर मोहनकुमारांनी आईला फोन लावला.

“भाड्याच्या टेम्पोत? मुळीच नाही,” अत्याबाईंचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. “आणि खाली उतरवलंत तर मला तोंड दाखवू नका.”

मागून गुंडोअण्णांचा आवाज आला. ते सल्ल्यासाठी वर येऊन बसलेच होते. “थांबा अत्याबाई, डोकं लावू. जातं संध्याक्काच्या गाडीवरच राहू दे. गाडी टेम्पोत चढवू दे. मग जातं कशावर? आपल्याच गाडीवर!”

फोनवर दोघांची कुजबुज ऐकू आली. शास्त्रार्थ चालला असावा.

“तसं असलं तर सरी,” अत्याबाई म्हणाल्या.

म्हणजे ज्या टेम्पोत जातं घालायचं नव्हतं म्हणून हा सगळा खटाटोप, त्याच टेम्पोत शेवटी जातं गेलं, फक्त खाली एक मोडकी मोटरसायकल ठेवून. दगड सोडवायचे नव्हते, त्यामुळे गाडी दगडांसकट उचलावी लागली. विराजनं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मागचं चाक धरलं. त्याला जावई म्हणून जात्याला हात लावायला बंदी होती, चाकाला नव्हती. टॉर्कबद्दल त्याला बरंच माहीत होतं. वजनाशी ही त्याची पहिलीच ओळख असावी. तिसऱ्या झटक्याला त्यानं जो आवाज काढला तो माझ्या गिअरबॉक्सच्या आवाजाशी पुष्कळ मिळताजुळता होता. तो त्या व्हिडिओत नीट आला आहे. मी हात स्थिर ठेवला होता.

जातं घरी पोहोचलं. औक्षण झालं. हळदीच्या दिवशी पाच सुवासिनींनी खुंट्याला हात लावून गाणं म्हणत दोन फेरे फिरवले. उरलेली हळद दुकानातल्या पाकिटातून काढली, कारण दळायला वेळ कुणाला आहे?

मेकॅनिकनं माझ्यासमोर गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे दात तेलाच्या तळाशी पडले होते. मी म्हटलं, नवे गिअर घाला, जुना सिलिंडर आणि पिस्टन परत बसवा, क्लचला मूळच्या स्प्रिंगा. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, “सरना विचारून सांगता?” कार्डावरचं माझं नाव मी त्याला दाखवलं. त्यानं ते वाचलं, परत दिलं, आणि संध्याकाळी सरांना फोन केला. काम मात्र मी सांगितलं तसंच झालं.

हे विराजपर्यंत गेलंच. तो रागावला नाही. तो उत्साहात आला. त्याच्या मते टेस्ट यशस्वी झाली होती. किट टिकलं, गिअरबॉक्स हरला. आता मोठा गिअरबॉक्स बसवायचा. काव्यानं लग्नाच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं. “अम्मा, उद्या जेवताना विराज रुसणार आहे ना, तेव्हा तो तुझी बाईक मागणार आहे. त्याला आर-अँड-डीसाठी हवीये. तू नाही म्हणू नकोस हं प्लीज. सगळ्यांसमोर, व्हिडिओ चालू असणार.”

जेवणाच्या पंगतीत जावयानं रुसायचं, ताटाला हात लावायचा नाही, आणि मागेल ते सासूनं द्यायचं, ही पद्धत आमच्याकडेही आहे. जावई अंगठी मागतो, घड्याळ मागतो. मागितलेलं नाकारल्याचं उदाहरण गोतात नाही.

घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे तयार होते. “दे गं,” अत्याबाई म्हणाल्या, “तुला स्कूटी घेऊ. मंगळवारी चांगला दिवस आहे.” मोहनकुमार म्हणाले, “स्कूटी तरी कशाला? मी सोडत जाईन की तुला, पहिल्यासारखं.” त्यांनी ते खरोखर प्रेमानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कल्याण मंटपात पंगत बसली. विराज मधोमध, शेरवानीत, ताठ. इतका ताठ की बायका कौतुक करत होत्या. टेम्पोच्या दिवसापासून आतून कमरेला पट्टा बांधलेला आहे, हे काव्याला आणि मला माहीत होतं. जिलबी वाढली, त्यानं हात मागे घेतला. हशा झाला. मोबाइल वर झाले.

“काय हवं जावईबापूंना?” सगळ्यांनी विचारलं.

“आईंची बाईक!”

टाळ्या पडल्या. सगळे माझ्याकडे वळले. नाही म्हणण्याची पद्धत नव्हती. मग मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवते तो आवाज काढला.

“दिली. किल्ली आत्ताच देते. अत्याबाई, फक्त एक विचारायचं होतं. जातं आनेकलला परत जाताना कसं जातं?”

अत्याबाईंना असे प्रश्न फार आवडतात. “कसं म्हणजे? आलं त्याच गाडीवरनं. सोळा दिवसांच्या आत. आणि ज्याची गाडी त्यानंच चालवत न्यायचं.”

“दगड दोन खेपांत नेले तर?”

“जोडा फोडायचा? लग्न लागलंय आज, काय बोलतेस!”

“मग पूर्वीसारखं टेम्पोत—” मी म्हटलं.

“ती सवलत गाडी मोडली तर,” गुंडोअण्णा भाताचा घास थांबवून म्हणाले. “गाडी चालू असताना नाही चालत.”

सयाजीमामा पंगतीच्या टोकाकडून उठूनच उभे राहिले. “जावईबापू स्वतः येणार? मग मोकळे कसे जातील! नाचणीचं एक पोतं देतो, अन् दोन फणस!”

विराज जागचा हलला नाही. कमरेच्या पट्ट्यामुळे त्याला फारसं हलताही येत नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हिशेब चाललेला पाहिला, आणि शिक्षिका म्हणून मला तो चेहरा ओळखता येतो. तो बरोबर उत्तराकडे चालला होता.

“मी गंमत केली, आई,” तो म्हणाला. “घड्याळ चालेल.”

आमच्या गोतात जावयानं मागणं स्वतःहून खाली आणल्याची ही पहिलीच वेळ. बायकांनी त्याच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. त्यानं जिलबी तोंडात टाकली, आणि मी वाकून दुसरी वाढायला गेले तेव्हा मोबाइल खाली गेले आहेत हे बघून हळूच विचारलं, “आई, टॉर्क जुनाच ठेवलात ना?”

“हो.”

“बरं केलंत.”

मोहनकुमार मात्र काळजीत पडले. पंगत उठल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, “अगं, पण म्हणजे आता जातं आपल्यालाच परत न्यायचं. गाडी तर मूळच्या ताकदीची. आपण दोघं, दोन दगड... ती चढ चढेल का?”

मी म्हटलं, आपण दोघं असलो तर नाही चढणार. ते गणित मी आधीच करून ठेवलं होतं. तुम्ही घरी राहिलात की दोन्ही दगड सहज जातात.